भूतबंगल्यांना जायचं कशाने?

१ सप्टेंबर, रविवार

गोठा झाडायला घेतला. उंदरांनी यंदा एका सांगाड्याचा पाय खाल्लाय. प्लॅस्टिकचा! ओहायोच्या उंदरांना चव म्हणून नाहीच.

आमच्या गोठ्यात गुरं आता उरली नाहीत, पण ऑक्टोबर आला की त्याचा भूतगोठा होतो. चार गावांची माणसं तिकीट काढून किंचाळायला येतात आणि ते पैसे गावच्या अग्निशमन दलाला जातात. भुतं तयार करणं माझ्याकडे. आपला गोठा उघडण्याआधी, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, आम्ही भुतं मिळून दुसऱ्यांचे भूतबंगले बघायला जातो. न्हावीसुद्धा कधीतरी दुसऱ्या न्हाव्यापुढे मान वाकवतोच. जायचं ते माझ्या काळ्या बसने. नोकरीत असताना मी शाळेची मुलं जिच्यातून न्यायचो तीच ही बस. मी निवृत्त झालो त्याच वर्षी ती मोडीत निघाली, तेव्हा विकत घेतली आणि काळी रंगवली. माझी बायको लॉर्ना तेव्हा म्हणाली होती, "घरात एक खटारा होता तो पुरे नव्हता का?"

रात्री जेवताना आमची लेक कोरीन म्हणाली, "बाबा, यंदा जायचं कशाने?"

"कशाने म्हणजे? चालत जायचा विचार आहे का?"

ती ताटातल्या बटाट्यांकडे बघत बसली. बटाटे चांगले झाले होते.

५ सप्टेंबर, गुरुवार

कोणीतरी आमची टपालपेटी रस्त्याकडे सरकवून ठेवली आहे. बस वळवताना डाव्या आरशाचा तिला धक्का लागला आणि ती खांबासकट आडवी झाली.

ओटिस ब्रुबेकर बघायला आला. ओटिस माझा शाळासोबती, निवृत्त पोस्टमन. गोठ्यात तो खाटीक होतो. एरवी बोट कापलं तरी त्याला भोवळ येते. पेटीभोवती फेरी मारून म्हणाला, "डेल, उभ्या जन्मात मी या पेटीत टपाल टाकलं. ती होती तिथेच आहे."

"मग काय रस्ता हलला?"

"नाचता येईना..." एवढं म्हणून तो थांबला आणि खांब उचलू लागला.

पुढचं त्याने का गिळलं कोण जाणे. ओटिस टोमणा गिळणाऱ्यांतला नव्हे.

८ सप्टेंबर, रविवार

स्वयंपाकघरात बैठक झाली. विषय एकच, वाहन. आजवर हा विषय कोणी कधी काढला नव्हता, आणि यंदा प्रत्येकाच्या डोक्यात एकेक गाडी.

कोरीन म्हणाली, भाड्याची व्हॅन घेऊ, मी चालवते. मी विचारलं, पोशाख आणि मुखवटे कुठे ठेवायचे, आणि ओटिसचा वाकत नाही तो गुडघा कुठे ठेवायचा? ओटिसने स्वतःची शववाहिनी पुढे केली. खरी आहे ती, एका शवगृहाने विकायला काढली तेव्हा त्याने हौसेने घेतली. पुढे दोघं बसतात, मागे एक आडवा. "आडवा कोण?" "चिठ्ठ्या टाकू," म्हणाला. लॉर्नाने चक्क रेल्वे काढली! सिनसिनाटीला गाडी येते ती भुतंसुद्धा झोपल्यावर, आणि आमचे भूतबंगले मक्याच्या शेतांत. स्टेशनावर न्यायला कोण, बुजगावणी येणार? मग कोणीतरी म्हणालं, आपापल्या मोटारी काढू. एकामागून एक, दिवे लावून, हळूहळू. मी म्हटलं, याला सहल नाही म्हणत, याला प्रेतयात्रा म्हणतात.

शेवटी मारिसोल व्हेगा बोलली. ही लहानपणी माझ्याच बसमध्ये मागच्या बाकाला च्युइंगम चिकटवायची. आता शाळेची माझीच फेरी ती चालवते आणि गोठ्यात विदूषक होते. चालवते बरी, फक्त ब्रेक असा दाबते की जणू पायाखाली अंडी ठेवलीत.

"मिस्टर डेल, तुमचीच बस नेऊ. मी चालवते. तुम्ही आपले मजेत बसा."

"मी मजेतच बसतो. स्टिअरिंगमागे."

मत घेतलं. बस मंजूर झाली. हात वर आले, पण कोपरापर्यंतच.

१४ सप्टेंबर, शनिवार

तालीम. मी खूश नाही.

यंदा गोठ्यात अंधार फार वाटतो. उंबऱ्याला मीच दोनदा अडखळलो, मग गिऱ्हाइकांचं काय? जादा दिवे लावून घेतले. मारिसोल म्हणते, "हा भूतगोठा आहे की दाताचा दवाखाना? माझ्या नाकाचं रबर दिसतंय की हो!" दिसू दे. पडून कोणाचं हाड मोडण्यापेक्षा बरं.

नव्या पोरांना नियम सांगितले. किंचाळीवर भुलायचं नाही, तिच्यामागून हसू येतं का ते ऐकायचं. हसू आलं की गिऱ्हाईक खूश. हसू आलं नाही, तोंड मिटलं, हात छातीशी गेले, की समजायचं हा माणूस खरा घाबरलाय. आणि कोणी 'मुळा' म्हटलं की खेळ तिथे संपला. मुखवटा काढायचा. वाद घालायचा नाही, चेष्टा करायची नाही, आपण स्वतः त्याला दारापर्यंत पोचवायचं. प्रत्येक भूतबंगल्याचा असा एक सुटकेचा शब्द असतो. आमचा लॉर्नाने निवडला, कारण भीतीच्या भरात चुकून कोणाच्या तोंडून मुळा निघत नाही.

मग खाटकाची खोली. इथे ओटिसने डावीकडे सुरा परजून गिऱ्हाइकाची नजर ओढायची आणि तेवढ्यात मारिसोलने उजवीकडून झडप घालायची. मी गिऱ्हाईक होऊन आत गेलो. ओटिस आलाच नाही. मी त्याला सगळ्यांसमोर झाडला.

"अरे, तुझ्या कानापाशी सुरा हलवत होतो!"

"कोणत्या कानापाशी?"

"डाव्या."

मारिसोलही म्हणाली, हातभर अंतरावर होते ते. म्हातारपणी ओटिस आळशी झालाय आणि ही त्याला पाठीशी घालते आहे. ओटिस सुरा पुसत, माझ्याकडे बघत उभा राहिला. सुरा लाकडी आहे, पुसायचं काय त्यात?

१७ सप्टेंबर, मंगळवार

लॉर्नाला हल्ली गाडीत बोलायचा नाद लागलाय. "पुढे लाल आहे." "डावीकडून ट्रक येतोय." "अगंबाई, केवढी हरणं!" इतकी वर्षं ही गाडीत बसली की विणकाम काढायची आणि घर येईपर्यंत मान वर करायची नाही. मी विचारलं, विणकाम सोडलंस की काय?

म्हणाली, "हात मोकळे असलेले बरे."

घरात एकटी पडत असेल बिचारी. तिच्याशी जास्त बोललं पाहिजे.

फ्रिजवर डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ लिहिलेली चिठ्ठी पुन्हा लागली आहे. मी पुन्हा काढली. ऑक्टोबर संपू दे. आधी भुतं, मग डोळे.

२२ सप्टेंबर, रविवार

जिल्ह्यात कसलीतरी साथ आलेली दिसते. एकाची पाठ धरली, एकीचा कुत्रा आजारी, एकाची मावशी अचानक शिकागोहून येते आहे. एवढी मोठी बस, आणि उरलो आम्ही पाच: मी, लॉर्ना, कोरीन, ओटिस आणि मारिसोल. मी म्हटलं, जाऊ दे, पाय पसरून बसू.

कोरीनने एक अट घातली. "उजेड असेपर्यंत तुम्ही चालवा, बाबा. अंधार पडला की मारिसोल."

"का?"

"तिला मोठ्या रस्त्याचा सराव हवाय."

हे पटण्यासारखं होतं. कबूल झालो. कोरीन उठून ओसरीत गेली, आणि खिडकीतून बघतो तर डोळे पुसतेय. लॉर्नाला विचारलं तर म्हणाली, कांदे चिरत होती. नवऱ्याशी वाजलं असेल. माझ्या पोरीला छळणाऱ्याला मी एकदा गोठ्यात कोंडणार आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बस धुतली, तेल पाहिलं, हवा भरली. अशी सजली आहे की जणू उद्या तिचंच लग्न आहे. ड्रायव्हरच्या जागेवर थोडा वेळ नुसताच बसलो. या जागेवरून मी गावची निम्मी पोरं शाळेत नेली, आणि एकाच्याही अंगाला ओरखडा येऊ दिला नाही. असं दुसरं काही मला जमलेलं नाही.

संध्याकाळी लॉर्ना पायरीवर येऊन बसली. "डेल्मर, तुला भीती कशाची वाटते?"

"मी घाबरवतो. घाबरणं लोकांकडे."

"मला वाटते."

"मग उद्या भूतबंगल्यात सगळ्यांच्या मागे चाल. शेवटच्याला कमी घाबरवतात असं लोकांना वाटतं."

तिने माझा हात धरला. बराच वेळ धरून बसली. मला आवडलं.

२९ सप्टेंबर, रविवार

मोटेलच्या टेबलाशी बसून लिहितोय. काल लिहिणं शक्य नव्हतं.

निघायला उशीर झाला. दुपारभर बस सुरूच होईना, शेवटी बॅटरीच्या तारा घासल्यावर मानली. केंटकीतल्या जुन्या तुरुंगात भूतबंगला केलाय, तो पहिला. रस्ता पश्चिमेला, टेकड्यांवरून खालीवर. ऊन उतरत गेलं आणि थेट काचेवर आलं.

कोरीन मागून म्हणाली, "बाबा, अंधार पडतोय."

"सूर्य माझ्या डोळ्यांत घुसलाय आणि तू म्हणतेस अंधार!"

"मिस्टर डेल, थांबवता का कडेला? मी घेते." मारिसोल माझ्या मागे येऊन उभी होती. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे जमिनीवर पांढरी रेघ असते, ती ओलांडायची नाही हा मुलांना माझा दंडक. मारिसोल बरोबर रेघेवर उभी होती, लहानपणी असायची तशी.

मी म्हटलं, "नदीचा पूल आला की देतो."

"पूल लांब आहे."

"मग पूल येईपर्यंत बस खाली."

  मी सूर्याला शिव्या घालत टेकडी चढलो आणि पलीकडे उतरू लागलो. उतारावर दोन्हीकडून झाडी होती, सावली दाट. लॉर्नाचं चालूच होतं. "पुढे घोडागाडी आहे. डेल्मर, घोडागाडी." त्या भागात मोटारी न वापरणाऱ्या आमिश लोकांची शेतं आहेत, घोडागाड्या असायच्याच. मी पाहिलं. मला रस्ता दिसला, रिकामा. म्हटलं असेल कुठे वळणावर. बस उताराने वेग घेत होती. "डेल्मर!" एवढं तिचं ओरडणं ऐकलं. मग ती ओरडायची थांबली आणि जेवताना मीठ मागावं अशा आवाजात म्हणाली,

"मुळा."

माझा पाय आपोआप खाली गेला. मी ठरवलं नाही, विचार केला नाही. तो शब्द ऐकून थांबायचं, हे माझ्या हाडांत मुरलंय. बस किंचाळत घसरली, मागचे मुखवटे सगळे पुढे आले, एक रबरी मुंडकं गडगडत माझ्या पायाशी आलं, आणि आम्ही थांबलो.

तेव्हा ती मला दिसली. काळी पेटी, पाठीवर संथ वाहनाचा नारिंगी त्रिकोण. इतकी जवळ की बॉनेटमुळे तिची चाकं दिसत नव्हती. मागच्या छोट्या खिडकीतून टोपडं घातलेली एक पोर माझ्याकडे टकामका बघत होती. गाडीवानाने बाहेर हात काढून हलवला. मोठ्या गाडीने सांभाळून घेतलं म्हणून माझे आभार मानत होता तो! घोडा दुडक्या चालीने पुढे गेला.

मी हसू येण्याची वाट पाहिली. दचकल्यानंतर माणसं हसतात. आरशात पाहिलं. कोरीनचे हात छातीशी होते. ओटिसचं तोंड मिटलेलं. मारिसोल रेघेवर गुडघे टेकून बसली होती. कोणी हसलं नाही. असे चेहरे मी जन्मभर ओळखत आलोय, आणि तरीही माझ्या तोंडून निघालं काय, तर "त्याच्याकडे कंदील नव्हता."

मी मागे वळलो.

"आणि लॉर्ना, तो शब्द गोठ्याबाहेर वापरायचा नसतो."

ती जागेवरून उठली. "तू वाद घालतोयस, डेल्मर."

नियम माझाच. मी उठलो, मारिसोल बसली. जाता जाता तिला म्हटलं, ब्रेक जरा जोरात दाबायला शीक. एवढं झाल्यावरही मला हेच सुचलं. मागच्या बाकावर जाऊन फुगून बसलो. सगळ्यांनी मिळून कट केलाय, म्हाताऱ्याची बस काढून घ्यायचा, असंच डोक्यात होतं.

तुरुंगापाशी पोचलो तो दिवेलागण झाली होती. भूतबंगल्यात एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. पुढे नेहमी मी. रागाच्या भरात मी कोणाचा हात खांद्यावर येऊच दिला नाही, एकटाच तरातरा आत शिरलो.

दहा पावलांत भिंत सुटली. हात लांब केला तर गज लागले, वळलो तर पुन्हा गज. डाव्या कानात कोणीतरी श्वास सोडला. मी उडालो. मान वळवली तर तिथे सडक्या चेहऱ्याचा कैदी उभा. मान सरळ केली तर तो नाही. पुन्हा वळवली, आहे. सरळ केली, नाही. अंधारात माणूस लपतो तसा तो लपत नव्हता, मान सरळ असली की डाव्या बाजूला काही नसायचंच. काळंसुद्धा नाही. मला ओटिसचा लाकडी सुरा आठवला. मग टपालपेटी आठवली. मागून माझ्या माणसांच्या किंचाळ्या येत होत्या आणि किंचाळ्यांमागून हसू येत होतं. मला हसू येत नव्हतं. माझे हात कुठे आहेत ते मी पाहिलं. छातीशी होते.

मी म्हटलं, "मुळा."

त्यांचा शब्द वेगळा. तो कैदी गुरगुरतच राहिला. पण मागचं हसणं एकदम बंद झालं. ओटिसचा आवाज आला, "बाळा, थांब जरा. तो आमचा माणूस आहे." मग लॉर्नाचा हात कोपराला लागला. "पायरी आहे," ती म्हणाली. "आणखी एक." तिने मला दारापर्यंत पोचवलं. कोणी चेष्टा केली नाही. ओटिसने चेष्टा केली नाही याने मी सगळ्यात जास्त घाबरलो.

बाहेर बाकावर बसलो. कोरीनने सफरचंदाचा गरम रस आणून हातात दिला. थोड्या वेळाने मी विचारलं, "कंदील होता का?"

"होता," लॉर्ना म्हणाली.

"लावलेला?"

"लाल. लुकलुकत होता."

"तुम्हाला कुठून दिसला?"

लॉर्नाने कोरीनकडे पाहिलं. कोरीन म्हणाली, "टेकडीच्या माथ्यावरून, बाबा."

म्हणजे सगळा उतार. सगळा उतारभर तो कंदील माझ्यासमोर लुकलुकत होता, सगळ्यांना दिसत होता, आणि मी सूर्याला शिव्या घालत त्या टोपड्यावर बस नेत होतो. मी रसाचा पेला बाकावर ठेवला. 

बसची एक किल्ली मारिसोलकडे होतीच. दुसरी मी गळ्यातल्या दोरीत घालतो. ती काढून कोरीनच्या हातात ठेवली. ती रडायला लागली. इथे कांदे नव्हते.

"हे कधीपासून कळलं होतं तुम्हाला?"

"उन्हाळ्यापासून."

"मग तोंड का उघडलं नाही कोणी?"

ओटिस म्हणाला, "उघडलं की! व्हॅन म्हणालो, रेल्वे म्हणालो, माझी शववाहिनी देऊ केली. डेल, मी तर आडवा पडून यायला तयार होतो."

तेव्हा कुठे कोणीतरी हसलं. बहुतेक मीच.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी गोठ्यातले जादा दिवे काढून टाकले. ओटिसने शिडी धरली. दिवे गेल्यावर मध्ये उभा राहिलो. अंधार दरवर्षीएवढाच आहे.

दुपारी डॉक्टरीणबाईंकडे. डोळ्यांतला दाब वाढलाय म्हणे, दोन्ही बाजूंची नजर कडेपासून खाल्ली गेली आहे, डावीकडची जास्त. गेली ती येत नाही. उरलीय ती थेंब घालून राखता येईल. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, गाडी नाही. दिवसाही नाही. मी मान हलवली. मग त्यांच्यासमोरच रडलो. लाज वाटली, पण थांबवता आलं नाही. बस मारिसोलच्या नावावर करायची असं येताना ठरवून टाकलं, माझं मन फिरायच्या आत.

येताना कोरीन चालवत होती. मी आणि लॉर्ना मागे बसलो. चौक आला, लाल दिवा असावा, गाडी थांबली. लॉर्ना आता बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ट्रक, हरणं, काहीतरी. ती काही बोलली नाही. माझ्या हातावर एकदा थोपटून तिने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि विणकाम बाहेर काढलं. घर येईपर्यंत तिने मान वर केली नाही.